आज वार कोणता?

कार्व्हर फॉल्स
शुक्रवार, २० ऑगस्ट १९४८

बाबा,

दोन वर्षांतलं माझं हे सतरावं पत्र. आधीची सोळा तुम्ही उघडलीत की तशीच चुलीत घातलीत, मला ठाऊक नाही. हे मात्र उघडा. आपला धाकटा, ग्विल, इस्पितळात आहे. काल संध्याकाळी तार केली, पण तारेत काय मावतं?

तुम्ही जन्मात कधी बेसबॉलचा सामना पाहिला नाहीत, म्हणून नीट सांगतो. मैदानाच्या मधोमध मातीचा उंचवटा असतो. ग्विल तिथून चेंडू टाकतो आणि मी फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तो झेलतो. काल दुपारी हॅलमच्या संघाशी सामना होता. चौथ्या डावात त्यांच्या फलंदाजानं मारलेला चेंडू सरळ परत आला आणि ग्विलच्या डाव्या कानाच्या वर बसला. मला आवाज ऐकू आला. दगडावर छिन्नी बसते ना, तसा. तिथून चेंडू उडाला तो अधांतरीच लॉनी बीलच्या हातात पडला. हा लॉनी आमचा टेनेसीचा गडी, ग्विलच्या मागे उभा राहतो, तोंडाला उसंत नाही. चेंडू जमिनीला न टेकता झेलला गेला, म्हणजे फलंदाज बाद.

लॉनी म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला रे ग्विल. डोकं वापरून खेळ म्हणतात तो हाच."

सगळं मैदान हसलं. ग्विल गुडघ्यावर बसला होता, तो उठला, टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि हसला. मीही हसलो, बाबा. ते हसणं काही केल्या कानांतून जात नाही.

पुढे तो नववा डाव संपेपर्यंत खेळला. असा खेळला की समोरच्यांपैकी एकालाही धड फटका मारता आला नाही. आमच्या धंद्यात ही गोष्ट कुणाच्या आयुष्यात एकदा घडते, बहुतेकांच्या घडतच नाही. शेवटचा माणूस बाद झाला, आम्ही सगळे त्याच्याकडे धावलो आणि तो माझ्या अंगावर कोसळला. डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून ते काढलंय. अजून डोळे उघडलेले नाहीत.

मधल्या काळात कुणालाच काही कळलं नाही. अशा वेळी ते कळत नाहीच म्हणतात. कुणाचा दोष नाही.

पेपरात सगळं आलंय. कात्रण पाठवत नाही.

उद्या संघ बाहेरगावी निघतोय. दोन वर्षं आम्ही तळाला होतो, यंदा एका सामन्यानं पहिले आहोत. सामन्याच्या दिवशी इथली लाकडाची गिरणी दुपारीच बंद होते. आमचे मॅनेजर स्ट्राउड म्हणतात, एम्लिन, तू इथं खुर्चीवर बसून तो जागा होणार आहे का, माझ्याकडे झेलायला दुसरा कॅचर नाही. माझ्या तोंडून हो निघून गेलं. कसं गेलं ते मला विचारू नका.

तुम्ही या. माझं तोंड बघावं लागणार नाही, मी इथं नसेन.

एम्लिन

हॅलम
बुधवार, २५ ऑगस्ट

बाबा,

आमच्या घरमालकीण, लिंडक्विस्टबाई, यांना मी रोज दुकानातून फोन करतो. त्यांनी सांगितलं, तुम्ही रविवारी आलात. मी दोनदा विचारलं, रविवारी की सोमवारी? बाई म्हणाल्या, अहो रविवारीच, मी चर्चमधून परतत होते आणि हे काळ्या कोटातले गृहस्थ बसमधून उतरले.

रविवार देवाचा, त्या दिवशी चेंडूला हात लावणाऱ्याला या घरात ताट नाही, असं तुम्ही सेहेचाळीस सालच्या मार्चमध्ये म्हणालात. मी युद्धावरून येऊन चार महिने झाले होते. खाणीत उतरायचं सोडून मी धाकट्यालाही खेळाच्या धंद्याला लावतोय याचा तुम्हाला राग होता. रविवारचं निमित्त झालं. ग्विल एकोणीस वर्षांचा होता. तो रडला, मी नाही. आणि आता तुम्हीच रविवारी चॅपल सोडून बसमध्ये बसलात. फोन खाली ठेवल्यावर मी तिथंच दुकानात पोत्यावर बसलो.

बाई म्हणतात, तुम्ही सकाळी आठाला इस्पितळात जाता ते अंधार पडेपर्यंत उठत नाही. नर्सला वाटतं तुम्ही आपल्या मायदेशाच्या भाषेत प्रार्थना करता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतात, ती म्हणाली, सुरात मात्र म्हणत नाहीत. मी बाईंना काही सांगितलं नाही, पण मला कळलं. तुम्ही खाणीतले तीन प्रश्न विचारताय.

नाव काय तुझं? आज वार कोणता? घरी कोण वाट बघतंय?

मी बारा वर्षांचा होतो. तुमचा चहाचा डबा घेऊन खाणीत आलो होतो, तेव्हा वरून सुटलेली पाटीदगडाची कपची डाय प्यूच्या डोक्याला लागली. डाय उठला, मला काही झालं नाही म्हणाला, भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसायला निघाला. तुम्ही त्याला दंडाला धरून खाली बसवलंत आणि तीन प्रश्न विचारलेत. नाव सांगितलं. बायकोचं नाव सांगितलं. वार सांगितला सोमवार; होता गुरुवार. तुम्ही पुढचं बोलणंही ऐकलं नाही, त्याला ढकलगाडीत घालून डॉक्टरकडे पाठवलंत. तो अजून चॅपलमध्ये खर्जात गातो. परत येताना तुम्ही मला म्हणालात, "डोक्याला मार लागलेला माणूस चालतोय म्हणून खुश व्हायचं नसतं. त्याला बोलतं करायचं."

मागचं पत्र मी नीट लिहिलं नव्हतं, बाबा. थोडं राहून गेलं, ते लिहितो.

आमच्यात एक चाल आहे. समोरच्या संघाला पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, एकही धड फटका मारू दिलेला नसला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याबद्दल तर नाहीच, इतर कशाबद्दलही नाही. तो बाकड्याच्या टोकाला एकटा बसतो, त्याच्या शेजारची जागा रिकामी सोडतात, पाण्याचं भांडंसुद्धा कुणी त्याच्या हातात देत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची; तोंड उघडलं की नशीब पळालं. खांदा मोडला तरी खेळणारे, युद्धात विमानं उडवलेले गडीसुद्धा हे पाळतात. मला हसू नका. तुम्हीही खाणीत शीळ घालू देत नव्हता.

तर पाचव्या डावापासून ग्विलशी कुणी बोललं नाही. लॉनीसारख्या माणसानं तोंडात रुमाल कोंबून ठेवला होता. सहावा डाव संपला तेव्हा ग्विल आमच्या बाकड्याकडे यायच्या ऐवजी हॅलमच्या बाकड्याकडे चालू लागला. पाचसहा पावलं गेला, थांबला, वळून आला. आमच्या लोकांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं, पोरगं समोरच्यांना खिजवतंय म्हणून. मग तो पाण्याच्या पिंपामागे जाऊन ओकला. घाबरलाय, असं आम्ही समजलो.

सातव्यात कोणत्या तऱ्हेचा चेंडू टाकायचा याची मी बोटांनी खूण करायचो आणि तो दुसराच टाकायचा. मी उठून उंचवट्यावर जायला निघालो. स्ट्राउडनी बाकड्यावरून तळहात आडवा धरला. बस खाली. मी बसलो.

एवढंच राहिलं होतं. आता सगळं लिहिलं.

त्याला माझ्याबद्दल सांगा. ऐकू जातं म्हणतात.

एम्लिन

कार्व्हर फॉल्स
मंगळवार, ३१ ऑगस्ट

बाबा,

ग्विल शुक्रवारी गेला तेव्हा मी चौथ्या डावात होतो. स्ट्राउडनी सामना संपेपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मी पायांना बांधलेली ढाल सोडत होतो, पट्ट्याचं बक्कल निघत नव्हतं. लॉनीनं येऊन ते काढलं. बराच वेळ मला फक्त ते बक्कलच दिसत होतं. ते पितळेचं आहे, एका बाजूनं झिजलेलं.

तुम्ही त्याला गाडीतून घरी नेलंत. मी दुसऱ्या गाडीनं आलो. काल स्मशानात मी मागे, फाटकापाशी उभा होतो. डाय प्यू गात होता. माणसं पांगल्यावर तुम्ही सरळ माझ्याकडे चालत आलात. मला वाटलं आता तुम्ही हात उगाराल. बरं झालं असतं. दोन वर्षं पाच महिन्यांनी तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा बोललात.

"शेवटी, कोसळायच्या आधी, तो काही बोलला का?"

"नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही?"

"नाही, बाबा. काही नाही."

तुम्ही मान हलवलीत आणि घराकडे वळलात. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. सातच सामने उरलेत.

काल सांगितलं तेच उत्तर आहे. तो काही बोलला नाही. तुम्हाला चुटपुट लागू नये म्हणून पुन्हा लिहिलं.

एम्लिन

कार्व्हर फॉल्स
मंगळवार, ७ सप्टेंबर

बाबा,

मी खोटं बोललो. स्मशानात बोललो आणि नंतर पत्रात पुन्हा लिहून पाठवलं. हे पत्र शेवटपर्यंत वाचा, मग काय करायचं ते करा.

काल आमचा शेवटचा सामना झाला आणि आम्ही पहिले आलो. सामन्याआधी गावानं ग्विलच्या नावाचा कार्यक्रम ठेवला होता. गिरणीची शिट्टी वाजली, अडीच हजार माणसांनी टोप्या काढल्या. महापौरांनी तो शेवटचा चेंडू सोनेरी रंग लावून, काचेच्या पेटीत घालून माझ्या हातात दिला. तो चेंडू मीच झेलला होता. मग त्यांनी मला मायक्रोफोनपुढे उभं केलं. दोन शब्द बोल, म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. समोर अडीच हजार माणसं गप्प. एक मूल रडायला लागलं तर आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. बाकड्यावर आमची सगळी माणसं ओळीनं गप्प बसली होती आणि टोकाची जागा त्यांनी मान म्हणून रिकामी ठेवली होती. शेजारचीही रिकामी होती. ते बघितलं आणि मला घाम सुटला. ती जागा अगदी त्या दिवशीसारखी दिसत होती. फक्त त्या दिवशी तिथं तो होता.

लोकांना वाटलं, दुःखानं याला बोलवत नाही. टाळ्या वाजवल्या. लॉनीनं मला धरून नेलं. तो हलकेच म्हणाला, "मीसुद्धा त्याला ओकताना बघितलं होतं, एम्लिन. रोज दिसतंय." त्या दिवसापासून लॉनीची थट्टा बंद आहे. सगळ्यांनीच थोडं थोडं बघितलं होतं. पण लॉनीला तुमचे तीन प्रश्न माहीत नव्हते. त्या बाकड्यावर ते एकट्या मला माहीत होते.

आता आठव्या डावाचं सांगतो.

आठव्या डावाच्या आधी आमची फलंदाजी चालू होती. ग्विल टोकाला बसला होता. तो उठला आणि बाकड्याच्या कडेकडेनं हातानं भिंत चाचपत माझ्याकडे आला. आमचे लोक सरकले, त्याला वाट दिली, सगळ्यांनी मैदानाकडे तोंडं वळवली. तो माझ्यापुढे उभा राहिला. डावा डोळा नीट दिसत नव्हता, बाहुली मोठी झाली होती. ते मी बघितलं. आणि तो आपल्या भाषेत बोलला. दोन वर्षांत मैदानावर आपल्या भाषेतला एक शब्द त्यानं तोंडातून काढला नव्हता, पोरं चिडवतात म्हणून.

तो म्हणाला, "एम्लिन, आज रविवार ना रे? बाबा ओरडतील. मला घरी ने."

त्या दिवशी गुरुवार होता, बाबा.

मी विचारलं नव्हतं. तुमचा दुसरा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता, तरी त्यानं स्वतः होऊन उत्तर दिलं आणि ते चुकलं. मला डाय प्यू आठवला. हे मला नंतर सुचलेलं नाही. तिथंच, त्याच क्षणी मला ढकलगाडी दिसली, तुमचा दंडाला धरलेला हात दिसला. मला कळलं, बाबा. सगळं कळलं.

आणि मी ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही चॅपलमध्ये लहानपणी खुसपुसायचो तेव्हा आई ठेवायची ना, तसं. ग्विलनं माझ्या बोटाकडे बघितलं. त्यानं मान डोलावली, शहाण्यासारखी. मग परत भिंत चाचपत टोकाला जाऊन बसला. त्यानंतर तो कुणाशीही बोलला नाही. मी गप्प बस म्हटलं आणि तो कायमचा गप्प बसला. लहानपणापासून माझं ऐकायची सवय त्याला.

का, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी खेळाडू हेरायला आलेला मोठ्या संघाचा एक माणूस वर बसून कागदावर लिहीत होता, हे एक. उरलेले सहा फलंदाज बाद झाले की ग्विलचं आयुष्य बदलणार होतं, हे दुसरं. पण खरं कारण याहून लहान आहे, ते लिहायला मला आठ दिवस लागले. पेपरात आपलं आडनाव मोठ्या अक्षरात येईल आणि ते कात्रण मी सतराव्या पत्रात घालून तुम्हाला पाठवीन, असं मी सहाव्या डावातच ठरवलं होतं. कसं घडी घालायचं तेही ठरवलं होतं, नाव वर यावं म्हणून. सोळा पत्रांना तुम्ही उत्तर दिलं नाहीत. कात्रणाला द्याल असं मला वाटलं. म्हातारा काय म्हणतो बघूच, असं मनात म्हणत मी खाली बसलो आणि आजारी भावाकडून सहा माणसं बाद करून घेतली.

पाचव्यात किंवा सहाव्यात आणला असतात तर वाचला असता, हे डॉक्टरांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. आठव्यातसुद्धा? मी विचारलं. ते म्हणाले, कदाचित. अशा वेळी कळत नाही, असं कुणीही म्हणालं नव्हतं. ते वाक्य मीच बनवलं.

चाल होती, स्ट्राउडनी तळहात धरला, असं मी महिनाभर स्वतःला सांगत राहीन तर खपूनही जाईल. इथं सगळे तसंच म्हणतात. लिंडक्विस्टबाईंनी मला सूप पाठवलं, सोबत चिठ्ठी, तुम्ही किती चांगले भाऊ होतात. ते सूप मी सिंकमध्ये ओतलं आणि मग सिंक घासत बसलो.

दुसऱ्याचं नाव घेऊन मोकळं व्हायचं तर मला तुमचंही घेता येईल. घरात न बोलणं मी तुमच्याकडे बघून शिकलो. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं. ते खरं आहे, पण त्यानं माझं बोट ओठांवरून खाली येत नाही.

त्याचे शेवटचे शब्द तुम्ही मागितलेत. ते तुमचे होते आणि मी दाबून ठेवले. शुद्ध हरपत असताना त्याला मैदान आठवलं नाही, मोठा संघ आठवला नाही. तुम्ही ओरडाल ते आठवलं, आणि घर. तुम्ही रविवारी बसमध्ये बसलात हे त्याला कळलं असतं तर तो केवढा हसला असता.

मोठ्या संघाकडून मला बोलावणं आलंय, फक्त मला. मी नकार कळवला. सोनेरी चेंडू स्ट्राउडना परत दिला. पुढच्या गुरुवारी दुपारच्या गाडीनं मी आपल्या स्टेशनवर उतरेन. खाणीत काम मिळालं तर करीन, नाही मिळालं तर बघू.

तुम्ही स्टेशनवर यावं असं मी म्हणत नाही. पण घराशी आलो तर दारात मला बसवा आणि डायला विचारलंत तसं विचारा. ओरडा, मारा, काहीही करा, फक्त गप्प राहू नका. गप्प राहण्यानं काय होतं ते मी बघितलंय.

दोन उत्तरं आत्ताच देऊन ठेवतो, म्हणजे मी शुद्धीवर आहे हे तुम्हाला कळेल. माझं नाव एम्लिन प्रॉसर. आज मंगळवार आहे.

तिसऱ्याचं उत्तर मला येत नाही, बाबा. घरी कोण वाट बघतंय, ते तुम्हीच सांगा.

एम्लिन